दोन चिठ्ठ्यांचा दवाखाना

"हे बघा, हात मागं हायत माझे. नुसतं बघायचंय. आ करा."

खुर्चीत बसलेल्या प्रत्येक पेशंटला सर पहिलं वाक्य हेच म्हणत. आणि खरोखरच दोन्ही हात पाठीशी बांधून, कवायतीत 'विश्राम' म्हटल्यावर पोरं उभी राहतात तसे उभे राहून, वाकून तोंडात बघत. आरसा आणि दिवा माझ्या हातात. दातांच्या डॉक्टरला माणूस घाबरतो तो त्याच्या हातांना, हे त्यांनी ओळखलं होतं. तुम्हीही घाबरत असालच. लाजू नका, मी स्वतः दातांची डॉक्टर आहे आणि मीसुद्धा घाबरते.

लातूरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत सरांचा दवाखाना होता. डिग्री हातात पडल्यावर मी जवळच्याच मुरुडहून रोज एसटीने येऊन त्यांच्या हाताखाली शिकायला लागले. कॉलेजात आम्हाला दात कोरायला शिकवलं होतं, आणि शिकलेलं कधी एकदा वापरते असं मला झालं होतं. सरांनी पहिले दोन महिने मला मशिनला हात लावू दिला नाही. "आधी बघायला शिक, माय. दात कुठं पळून जात न्हाई," म्हणाले. 'माय' ते सगळ्यांनाच म्हणत. मला म्हणत, भाजीवालीला म्हणत, सासरा बरोबर घेऊन आलेल्या नव्या नवरीलाही म्हणत.

मशिनला हात लावायच्या आधी मीच त्यांची पेशंट झाले. दुसऱ्याच आठवड्यात एसटीत चिक्की खाताना माझी वरची दाढ कळवळली. सरांनी मला खुर्चीत बसवलं, हात मागे बांधून पाच मिनिटं बघितलं आणि मग दीड तास खपून पांढरं फिलिंग केलं. एवढ्याशा दाढेला दीड तास. बाहेर चार पेशंट ताटकळले होते. शेवटी आरसा माझ्या हातात देऊन म्हणाले, "बघ. दाढ कुठं संपली आन् मी कुठं सुरू झालो, सांग." मला सांगता आलं नाही. सरांना एवढं खूश झालेलं मी नंतर फार वेळा पाहिलं नाही.

सरांचे वडील उदगीरच्या मोंढ्यात हमाल होते. घर बौद्ध, शिक्षणावर जीव टाकणारं. त्या माणसाने पाठीवर पोती वाहून मुलाला डॉक्टर केलं. मोंढ्यात माल बघायला व्यापारी पोत्यात टोकदार नळी खुपसतात आणि मूठभर दाणे काढतात, हे तुम्ही पाहिलं असेल. सर सांगत, "दहा व्यापारी आले की दहा भोकं. दिवस मावळेस्तोवर पोत्याची चाळण. बा म्हणायचा, टोचून बघणारा कच्चा, न टोचता सांगणारा पक्का." जुने डॉक्टर फिलिंगची कड सुईसारख्या हत्याराने टोचून बघत, त्याचा सरांना मनापासून राग होता. तसली हत्यारं त्यांनी दवाखान्यातून हद्दपार केली होती. एक तेवढं होतं, त्याने काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, वरच्या घरात नाड्या ओवत.

आता थोडं दाताबद्दल सांगावं लागेल. त्याशिवाय सर कळायचे नाहीत.

लोकांना वाटतं, दाढेत सिमेंट भरलं की काम झालं. तसं नसतं. फिलिंग आणि दात यांच्या सांध्यातून काही वर्षांनी पुन्हा कीड शिरू शकते, आणि ती फिलिंगच्या खाली, आडोशाने वाढते. वरून दिसते ती नुसती एक काळसर रेघ. पण चहाने, तंबाखूने, मिश्रीनेही तशीच रेघ उमटते. रेघ बघून फिलिंग उकरायला घ्यावं आणि खाली दात ठणठणीत निघावा, असं पुष्कळदा होतं. उकरताना चांगला दातही थोडा जातोच. तीनदा उकरलं की दाढेला मूळ तेवढं राहतं. उलट, डाग म्हणून सोडून द्यावं, तर आत कीड मुळापर्यंत पोचलेली असायची. म्हणून न उकरता आतलं ओळखायचं. दात कोरडा करायचा, बारीक दिव्याचा उजेड आरपार टाकायचा, छोटा एक्स-रे काढून संगणकावर सावली शोधायची.

आणि मग चिठ्ठ्या.

सरांचा नियम असा होता की एकाच्या नजरेवर फिलिंग उघडायचं नाही. आम्ही दोघांनी वेगवेगळं बघायचं, एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही, आणि आपापल्या चिठ्ठीवर तीनपैकी एक लिहायचं: डाग, कीड, माहीत नाही. चिठ्ठ्या ट्रेमध्ये पालथ्या ठेवायच्या. मग मी त्या उलटायच्या. दोन्हींवर 'कीड' असेल तरच सरांचे हात पुढे येत. एकाने कीड आणि दुसऱ्याने दुसरं काही लिहिलं असेल, तर पुन्हा पहिल्यापासून बघायचं. दोघांनाही माहीत नसेल, तर सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढून सावली वाढली का ते ताडून बघायचं. चिठ्ठ्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केलेल्या असत. सरांना पत्रिका फार येत. नंतर दोन्ही चिठ्ठ्या पेशंटच्या कार्डावर डिंकाने शेजारी शेजारी चिकटत.

मोंढ्यातला एक अडत्या एकदा खुर्चीत आडवा पडून म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही दोघं मिळून माझ्या दाढेचा लिलाव करायलाव का?"

"हाव," सर म्हणाले. "पण बोली लागंना."

'माहीत नाही' या चिठ्ठीचा सरांना फार अभिमान होता. पहिल्यांदा मी ती लिहिली तेव्हा लाजून लिहिली होती. सरांनी चिठ्ठी वर धरून पेशंटला दाखवली. "बघा, ह्या डॉक्टरीणबाई खरं बोलायल्यात. हे कॉलेजात शिकवत न्हाईत."

अशी सहा वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी लातूरला राहायला आले, एसटी सुटली. मग सरांना नांदेडला लग्नं निघू लागली.

महिन्यातून एक गुरुवार ठरलेला. सकाळच्या एसटीने सर नांदेडला जात आणि दुसऱ्या दिवशी लाल डोळ्याने दवाखान्यात येत. "लग्नात धूर लई होता," म्हणत. मी विचार करी, नांदेडला यांचे एवढे नातेवाईक आहेत तरी किती. पितृपक्षातही ते लग्नाला निघाले तेव्हा मी म्हटलंच, "सर, पितृपक्षात कुणाचं लग्न?"

"आमच्यात मुहूर्त बघत न्हाईत, माय," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून चालू लागले.

मग एक पेशंट सहज बोलून गेला. त्याची आणि सरांची दर महिन्याला नांदेडला गाठ पडे, डोळ्यांच्या दवाखान्यात. "डोळ्यात सुई घेत्यात हो तुमचे सर. हूं का चूं करत न्हाईत." सरांच्या डोळ्याचा मागचा पडदा खराब होत चालला होता. कडेचं दिसे. जिथे नजर लावावी नेमकं तिथेच काळं. ज्या माणसाने आयुष्यभर फक्त बघायला शिकवलं, त्याच्यावर ही वेळ यावी, याचा मला त्या दिवशी संताप आला. कुणावर, ते कळेना.

त्यानंतर मला सगळं दिसू लागलं. सर मान तिरकी करून संगणकाकडे बघत. चिठ्ठीवरची अक्षरं मोठी होत होत चिठ्ठीभर झाली. एकदा चिठ्ठी उलटली तर कोरी. "लिहायचं राहिलं बघ," म्हणाले.

मी त्यांना सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, त्यात काय, सांगायचं. सांगून बघा. ज्याने हात धरून बघायला शिकवलं त्याच्यासमोर उभं राहून, तुम्हाला दिसत नाही, असं म्हणून बघा. मला ते जमलं नाही. मी दुसराच मार्ग काढला, आणि तेव्हा तो मला फार शहाणपणाचा वाटला होता. सरांची अक्षरं एवढी मोठी होती की शेजारी बसून ती न बघताही दिसत. मी माझी चिठ्ठी त्यांच्या चिठ्ठीशी जुळवू लागले. शंका असली की सर 'डाग' लिहीत, मग मीही 'डाग' लिही. आणि पेशंट निघाला की मी त्याच्यामागे दारापर्यंत जाऊन हळूच सांगे, "तीन महिन्यांनी नक्की या हं, मी परत बघते." सरांची लाज राहिली आणि पेशंटचा दातही राहिला, असा माझा हिशोब. सात-आठ महिने तो बिनचूक चालला.

निलंग्याच्या झेडपी शाळेतून रिटायर झालेल्या एक हेडबाई सरांच्या जुन्या पेशंट. डाव्या बाजूच्या दाढा कधीच गेलेल्या. उजवीकडे खालची एक दाढ भक्कम, तिच्यात सरांचंच पांढरं फिलिंग. बाई म्हणत, "ह्या एका दाढंवर माझा संसार हाय. भाकर हिच्याच जिवावर खाते." त्या वेळी फिलिंगच्या कडेला रेघ होती. एक्स-रेत मला फिलिंगखाली करडी सावली दिसली, स्पष्ट दिसली. सरांनी मान तिरकी करून खूप वेळ बघितलं. उजेड टाकून बघितलं. मी चिठ्ठीवर 'की' एवढं लिहिलं होतं, तेवढ्यात शेजारी ती मोठी अक्षरं उमटली. डाग.

मी माझी चिठ्ठी चुरगाळून खिशात टाकली. दुसरी घेतली आणि 'डाग' लिहिलं.

दारात बाईंना म्हटलं, तीन महिन्यांनी या. त्या हो म्हणाल्या, आणि लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला गेल्या त्या तिकडेच राहिल्या. सात महिन्यांनी आल्या तेव्हा गाल सुजलेला. फिलिंगखाली दाढ मुळापर्यंत पोखरली होती आणि भाकरीचा तुकडा चावताना उभी चिरली होती. काढण्याशिवाय इलाज नव्हता. मीच काढली. सर खुर्चीच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभे होते.

बाईंनी कापूस दाताखाली धरून बोलायचा प्रयत्न केला. "सरांनी बघितलं होतं ना मागं? मग सरांची चूक नसंल. दाढच वंगाळ."

"चूक माझीच हाय, बाई," सर म्हणाले. बाईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं नाही. शाळेत मी पोरांना म्हणायची, चावून खा, आता स्वतः कुस्करून खाईन, असं काहीसं पुटपुटत त्या पदराने गाल धरून गेल्या.

दवाखान्यात आम्ही दोघंच उरलो. सरांनी बाईंचं कार्ड मागितलं. बोटांनी चाचपून दोन्ही चिठ्ठ्या शोधल्या.

"तुझ्या चिठ्ठीवर काय हाय?"

"डाग."

"दिसलं काय होतं तुला?"

"सावली."

"मग डाग कामून लिहिलंस?"

"तुमच्या चिठ्ठीवर डाग होतं, सर."

"म्हंजे मला दिसत न्हाई, हे ठाऊक होतं तुला."

"हो."

सर माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि हात मांडीवर ठेवून बोटांकडे बघत राहिले, म्हणजे बोटांच्या जरा बाजूला. "एकाची नजर चुकंल म्हणून दोन चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, माय," ते म्हणाले. "तू माझीच चिठ्ठी दोनदा लिहिलीस." थोड्या वेळाने म्हणाले, "आन् मी तरी काय केलं? माहीत न्हाई, एवढं लिहायचं होतं. सगळ्या जगाला शिकवत फिरलो. मला लिहिता आलं न्हाई."

मग त्यांनी एक कोरी चिठ्ठी मागून घेतली. तिच्यावर मोठ्या, वाकड्या अक्षरांत 'माहीत नाही' लिहिलं. डिंकाची बाटली हाताला लागेना, ती मी पुढे सरकवली. आपल्या 'डाग'वर त्यांनी ती चिठ्ठी चिकटवली आणि तळव्याने दाबून धरली. माझी तशीच राहू दिली. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे आणि माझी चिठ्ठी अजून तशीच आहे.

दुसऱ्या दिवसापासून सर दवाखान्यात पेशंटसाठी उतरले नाहीत. वर घरात बसून राहत. दवाखाना मला सांभाळायला सांगितला. मी नको म्हणाले. तेव्हा म्हणाले, "चुकलेलं माणूसच नीट बघतंय. बस."

पुढे मी नवीन कॅमेरा घेतला. तो दाताला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यासारखा धरतो आणि डोळ्यांना न दिसणारा उजेड आरपार सोडतो. निरोगी दात पडद्यावर काचेसारखा स्वच्छ दिसतो, कीड असेल तिथे काळी सावली. चांदीच्या फिलिंगमधून हा उजेड जात नाही, पण पांढऱ्याची कड छान उमटते. दुखणं नाही, टोचणं नाही. सरांनी आयुष्यभर जे मागितलं ते यंत्र त्यांचे डोळे गेल्यावर आलं.

शनिवारी दुपारी मी त्यांना खाली घेऊन येई आणि आठवड्याचे फोटो वाचून दाखवी. "वरची डावी दाढ, सर. फिलिंगच्या आतल्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी सावली." ते मान तिरकी करून ऐकत. आणि प्रत्येक फोटोनंतर विचारत, "खरं ना?"

"खरं, सर."

हेडबाईंची दाढ काढली त्या दिवसाच्या आधी त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. त्यानंतर कधी चुकवलं नाही. त्यात टोमणा नव्हता, मला तेच सोसत नव्हतं. ते अगदी साधेपणाने विचारत, अंधारात जिना उतरताना पुढची पायरी आहे का, असं विचारावं तसं.

एकदा म्हणाले, "तुझ्या दाढंत माझं फिलिंग हाय. त्याचा काढ बरं फोटो." मी स्वतःच कॅमेरा तोंडात घालून धडपडत फोटो काढला. फिलिंगची कड सगळीकडून स्वच्छ होती. मी तसं सांगितलं. ते बराच वेळ पडद्याच्या बाजूला बघत राहिले.

"खरं ना?"

"खरं, सर. कुठं दाढ संपते आणि कुठं तुम्ही सुरू होता, ते यंत्रालाही नीटसं कळत नाही."

सर हसले. त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी चहा घेता घेता ते गेले. मी वर धावले तेव्हा काकूंनी त्यांचे हात छातीवर नीट ठेवले होते. सरांचे हात पुढे बघायची मला सवय नव्हती. मी तिथे रडले नाही. दुसऱ्या दिवशी पेशंटच्या तोंडात बघताना, हात मागे बांधल्यावर, रडू आलं.

हे झाल्याला चार वर्षं झाली. आता माझ्याबरोबर उदगीरची एक डॉक्टर काम करते, दोन लेकरांची आई, बोलायला कमी. हात मागे बांधणं आणि चिठ्ठ्या मी तिला शिकवल्या. सरांचं सगळं सांगितलं. हेडबाईंचं कार्डही दाखवलं, माझ्या चिठ्ठीसकट.

गेल्या महिन्यात थंड पाण्याने माझी वरची दाढ शिवशिवली. मी तिला फोटो काढायला सांगितला. पडद्यावर फिलिंगच्या मागच्या कडेला काहीतरी होतं. सहा महिन्यांपूर्वीचा फोटो शेजारी लावला, त्यात ते नव्हतं. मी खूप वेळ बघितलं. कोन चुकला असेल, थुंकी राहिली असेल, असं सगळं मनात आणून बघितलं. सरांच्या हातचं आता कुठे काय उरलं आहे? दवाखान्याचा रंग बदलला, खुर्ची बदलली. गावात त्यांची फिलिंगं असतील, पण ती लोकांच्या तोंडात. माझ्याकडचं एवढंच. जीभ लावली की लागतं.

आम्ही चिठ्ठ्या घेतल्या. मी लिहिलं, डाग. लिहिताना मुद्दाम मोठं लिहिलं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. तिला ते शेजारून दिसत होतं. तिचं पेन क्षणभर थांबलं. मग तिने लिहिलं, चिठ्ठी पालथी घातली आणि ट्रे माझ्यापुढे सरकवला.

मी उलटली. बारीक, सरळ अक्षर. कीड.

"कुणाचं फिलिंग आहे, माहीत आहे ना तुला?" मी विचारलं.

"माहीत हाय, मॅडम," ती म्हणाली. "पण सावली दिसायलीय."

एकाने कीड आणि दुसऱ्याने डाग लिहिलं की पुन्हा बघायचं, हा नियम. मी पुन्हा बघितलं. सावली होती. पहिल्यापासून होती. मी माझी चिठ्ठी पालथी घालून मागच्या छापील बाजूवर 'कीड' लिहिलं, दोन्ही चिठ्ठ्या माझ्या कार्डावर शेजारी शेजारी चिकटवल्या आणि खुर्चीत जाऊन आडवी झाले.

तिने दिवा ओढून घेतला. हात मागे बांधून एकदा शेवटचं बघितलं. मग हात पुढे घेतले.

"आ करा, मॅडम."

मी एकदा जिभेने ते फिलिंग चाचपलं, आणि आ केला.